वतन, मक्ता आणि कंत्राट : घरमालक व सुतार यांच्या व्यवहाराचा इतिहास

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण मराठीत सर्वपरिचित आहे. या दोन कार्यांत मनुष्य योजून ठेवतो एक आणि खर्च होतो दुसराच, असा तिचा आशय. परंतु अर्थव्यवहाराच्या अभ्यासकाने या म्हणीकडे जरा निराळ्या दृष्टीने पाहिले, तर तिच्यात एक प्रश्न दडलेला दिसतो. घर उभारताना किंवा जुने घर दुरुस्त करताना जी अनिश्चितता अटळपणे उत्पन्न होते, ती कोणी सोसावयाची? लाकूड आतून पोखरलेले निघाले, पावसाळा आठ दिवस आधी आला, आढे चढविण्याच्या वेळी भिंत ओळंब्यात नाही असे ध्यानात आले, तर त्याचा भुर्दंड मालकाच्या माथी की सुताराच्या? या प्रश्नाला महाराष्ट्रात निरनिराळ्या काळी निरनिराळी उत्तरे मिळालेली आहेत. वाड्यांच्या रचनेविषयी आणि बलुतेपद्धतीविषयी पुष्कळ लेखन झालेले आहे. मात्र वाडा बांधविणारा आणि तो बांधणारा कारागीर यांच्यातील कराराचे स्वरूप हा विषय या दोहोंच्या मध्ये कोठेतरी पडून राहिलेला आहे.

विवेचनाचा आरंभ बलुत्यापासून करणे प्राप्त आहे; कारण सुतार म्हटला की बलुतेदार, आणि बलुतेदार म्हटला की गावाने त्याला धान्य द्यावयाचे व त्याने गावाचे काम करावयाचे, अशी समजूत रूढ आहे. ही समजूत खोटी नाही, पण अपुरी आहे. बारा बलुतेदारांत सुताराची गणना थोरल्या कासेत होत असे. नांगर, कुळव, पाभर इत्यादी औतांची लाकडी कामे करावी, मोडतोड दुरुस्त करावी, आणि सुगीच्या वेळी खळ्यावर आपला वाटा न्यावा, असा हा संबंध होता. हिरोशी फुकाझावा या जपानी संशोधकाने १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात अठराव्या शतकातील मराठी कागदांच्या आधारे असे दाखविले की, महाराष्ट्रातील बलुतेदार हा अमुक एका कुटुंबाचा आश्रित नसून समग्र गावाचा वतनदार सेवक होता. उत्तर हिंदुस्थानातील यजमानी पद्धतीहून हे निराळे होय. सुतारकीचे वतन वारशाने चाले, त्याची वाटणी होई, क्वचित ते विकलेही जाई.

परंतु या वतनाची मर्यादा औतांपाशी संपत असे. बलुत्याच्या मोबदल्यात शेतकऱ्याला आपल्या औतकाठीची निश्चिंती मिळे. घर बांधून मिळत नसे. घराचे काम, गाडीचे काम, कोरीव काम यांसाठी सुताराला निराळा मोबदला द्यावा लागे. लाकूड तर औताचे असो वा घराचे, बहुधा मालकाचेच. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गांव-गाडा' (१९१५) या ग्रंथात बलुतेदारांसंबंधीचा सूर टीकेचा आहे आणि कुणब्यावर पडणाऱ्या बोज्याकडे त्यांचे लक्ष विशेष आहे. तथापि सुताराच्या बाजूने पाहिले तर हे वेगळे मोबदले स्वाभाविकच होते. औताचे काम वर्षभर पसरलेले, थोडथोडके आणि ठराविक, तर घराचे काम एकदम अंगावर येणारे आणि महिनोन्‌महिने गुंतवून ठेवणारे. तेव्हा ज्याला आज आपण कारागीर कामावर लावणे म्हणतो तो व्यवहार बलुतेपद्धतीच्या मोडतोडीतून निर्माण झाला, हे विधान सरसकट स्वीकारता येत नाही. तो तिच्या अंगालगतच, तिच्या भर काळातही चालत होता.

घराच्या कामाचे परिमाण 'खण' हे होते. दोन खांबांमधील अंतर म्हणजे एक खण. घर दोन खणी की पाच खणी, सोपा किती खणांचा, माडी किती खणांवर, अशा भाषेत मालक आणि सुतार बोलत. मापासाठी गज आणि त्याचा चोविसावा भाग तो तसू. पण गजाची लांबी सर्वत्र एकसारखी नव्हती. व्यवहाराच्या दृष्टीने खणाची सोय अशी की, त्यात खांब, त्याखालचे दगडी उथळे, वरील तुळई, कड्या आणि पाट हे सारे गृहीत धरलेले असे. अमुक खणांचे घर म्हटले की लाकडाची बेरीज सुताराच्या डोक्यात तयार होई. नकाशाची गरज पडत नसे. नकाशा हा रूढीतच होता. मालकाला जे ठरवावयाचे उरे ते खांब साधा की सुरूदार, महिरप हवी की नको, गणेशपट्टीवर नक्षी किती, एवढेच. या प्रकारात अनिश्चितता कमी असण्याचे कारण सुताराचा प्रामाणिकपणा नव्हे. घराचा नमुनाच ठरून गेलेला होता, हे होय.

पेशवाईत पुण्याची वाढ झाली आणि हा व्यवहार गावाच्या बेतावर राहणे अशक्य झाले. शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० रोजी झाली आणि वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ रोजी. खर्चाचा आकडा १६,११० रुपये असा दिला जातो. सागवान जुन्नरच्या रानातून, दगड चिंचवडच्या खाणींतून, चुना जेजुरीकडून आला. हा दोन वर्षांचा अवधी लक्षात घेण्याजोगा आहे, कारण एवढ्या अवधीत एवढे काम उठविण्यास शेदोनशे हात एकाच वेळी राबविणारी व्यवस्था लागते आणि ती कोणत्याही गावच्या वतनदार सुताराजवळ असणे शक्य नव्हते. मराठी राज्याच्या कारभारातील अठरा कारखाने व बारा महाल यांत 'इमारत' हा एक स्वतंत्र महाल गणलेला आहे. म्हणजे बांधकाम हे राज्याच्या घरखात्याचे नित्य काम होते, आणि त्याचा हिशेब राखणारा कारकून सुताराच्या आधी तेथे जाऊन बसलेला होता. दुसऱ्या बाजूने वेठीचीही प्रथा होती. किल्ल्यांच्या व सरकारी इमारतींच्या कामावर गावोगावचे बलुतेदार वेठीला नेले जात. पेशवेकालीन सुतार एकाच वर्षात गावचा वतनदार, सरकारचा बिगारी आणि एखाद्या सरदाराच्या वाड्यावरील रोजकरी, असा तिन्ही नात्यांनी राबत असला तर त्यात आश्चर्य मानण्याचे कारण नाही.

सरदार, सावकार व कारकून यांच्या वाड्यांचे काम ज्या रीतींनी दिले जाई त्या भाषेत अजून जिवंत आहेत. 'रोज' म्हणजे दिवसाची मजुरी. 'उक्ते' म्हणजे नग ठरवून एकरकमी. 'मक्ता' किंवा 'गुत्ता' म्हणजे सबंध कामाचा पत्कर. या शब्दांपैकी मक्ता आणि गुत्ता हे मुळात जमीनमहसुलाच्या व जकातीच्या इजाऱ्याचे शब्द होत. ठराविक रक्कम सरकारात भरावयाची, वर जे राहील ते आपले, कमी पडले तर आपलेच नुकसान, ही मक्त्याची मूळ कल्पना. ती तशीच्या तशी बांधकामात उतरली. अनिश्चितता विकता येते आणि विकतही घेता येते, हा विचार या भूमीत इंग्रजांच्या आगमनानंतर प्रथम आला असे मानणाऱ्यांनी या शब्दांच्या इतिहासाकडे पाहावे. मात्र महसुलाचा मक्तेदार धनवान असे, आणि सुतार तसा क्वचितच. त्यामुळे खऱ्या अर्थाने मक्ता घेणारा पुढारी वेगळा आणि वाकस चालविणारा वेगळा, असे विभाजन होणे क्रमप्राप्त होते.

कामाच्या आरंभी इसार द्यावयाचा, मध्यंतरी खर्चास पैसे आणि शिधा पुरवावयाचा, आणि शेवटी हिशेब तोडावयाचा, अशी साधारण रीत होती. चौकट बसविताना व आढे चढविताना पूजा होई, नारळ फुटे, आणि सुताराला पानसुपारी व पागोटे मिळे. हे मानपान केवळ धार्मिक विधी समजणे चूक ठरेल. चौकट उभी राहिली आणि आढे चढले, हे कामाचे दोन असे टप्पे होते की जे अडाणी मालकालाही डोळ्यांनी पाहता येत. आणि बरोबर याच टप्प्यांवर पैशाची देवघेव होई. पुढील काळातील कंत्राटपत्रांत कामाच्या टप्प्यांनुसार हप्ते बांधून देण्याची जी अट आढळते, तिचे काम येथे मुहूर्त करीत असे.

या संदर्भात मराठीतील एका शब्दसमूहाची दखल घेणे आवश्यक आहे. 'कंत्राट', 'पगार', 'मेस्त्री', 'लिलाव', 'चावी' हे शब्द पोर्तुगीज भाषेतून आलेले आहेत. वसई १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी जिंकेपर्यंत उत्तर कोकणाचा मोठा पट्टा जवळजवळ दोनशे वर्षे पोर्तुगीजांच्या ताब्यात होता, आणि गोवा तर १९६१ पर्यंत. किल्ले, चर्च, गोद्या आणि जहाजे यांच्या कामावर या पट्ट्यातील सुतार राबला. त्याने तेथून कोणते शब्द घरी आणले ते पाहण्यासारखे आहे. हत्यारांची नावे त्याने आणली नाहीत. वाकस, किंकरे, पटाशी, करवत, गुण्या, ओळंबा ही त्याची स्वतःची राहिली. आणले ते नात्यांचे शब्द : काम देण्याची रीत, मोबदल्याची रीत, आणि कामावरील वरिष्ठाचे नाव. कारागिरी त्याला शिकावयाची नव्हती. ती विकण्याची एक नवी तऱ्हा मात्र तो शिकला. सिंधुदुर्ग व गोवा या भागांत 'मेस्त्री', 'मेस्त' ही सुतार घराण्यांची उपनामेच होऊन बसली आहेत.

मुंबईत हीच गोष्ट इंग्रजी अमलाखाली पुढे गेली. लवजी नसरवानजी वाडिया हे १७३६ च्या सुमारास सुरतेहून सुतारांसह मुंबईस आले व गोदीचे मुख्य सुतार झाले. त्यांच्या वंशजांनी जहाजबांधणीत मिळविलेला लौकिक सर्वश्रुत आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यातील महत्त्वाचा भाग असा की, मुख्य सुतार हा एकाच वेळी कारागीर, कामगारांचा पुढारी आणि कंपनीपुढे जबाबदार असा मनुष्य होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रेल्वेची कामे निघाली तेव्हा विलायती कंत्राटदारांच्या बरोबरीने जमशेटजी दोराबजी यांच्यासारखे पारशी कंत्राटदार पुढे आले. येथे मात्र कारागीरपणाची अट गळून पडली होती. भांडवल, जामीन आणि माणसे गोळा करण्याची ताकद, ही कंत्राटदाराची पात्रता ठरली.

इंग्रजी अमलाने घराच्या सुतारकामात काय आणले याचे उत्तर देताना मोठमोठ्या इमारतींकडे बोट दाखविण्याचा मोह होतो. सामान्य घरापर्यंत पोहोचलेल्या गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्यांत पहिली म्हणजे मोजमाप. लॉर्ड डलहौसीच्या कारकीर्दीत सार्वजनिक बांधकाम खाते उभे राहिले, आणि त्याच्या दुय्यम नोकरवर्गाच्या शिक्षणासाठी पुण्यात १८५४ साली अभियांत्रिकी वर्ग निघाला. तोच पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झाला. या वर्गातून निघालेला ओव्हरसियर लाकूड घनफुटांत मोजी, दरपत्रक बाळगी आणि काम सुरू होण्यापूर्वी त्याचा अंदाज कागदावर मांडी. खणात जे एकत्र होते ते दरपत्रकात सुटे झाले : लाकूड निराळे, घडाई निराळी, चढविणे निराळे, रंग निराळा. सरकारी कामावर शिकलेली ही रीत निवृत्त ओव्हरसियरच्या आणि खात्याकडे काम केलेल्या मेस्त्रीच्या हातून खासगी घरांत शिरली. गज आणि तसू मागे पडले, फूट आणि इंच आले, आणि इंचाचा आठवा भाग 'सूत' या नावाने सुताराच्या तोंडी बसला. दशमान पद्धतीचा कायदा १९५६ साली झाला खरा. परंतु लाकडाच्या वखारीत घनफूट आणि सुताराच्या तोंडी सूत आजही टिकून आहेत.

दुसरी गोष्ट लाकडाची, आणि ती अधिक मूलगामी आहे. जोवर लाकूड मालकाचे, तोवर सुताराकडे केवळ श्रमांचा व्यवहार राहतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, १७१५ च्या सुमारास, आरमाराच्या लाकडाविषयी जी आज्ञा आहे ती प्रसिद्धच आहे : रयतेच्या आंबा-फणसासारख्या झाडांना हात लावू नये, जीर्ण झाड हवेच असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन न्यावे. या आज्ञेतून एवढे निश्चित दिसते की बांधावरील झाड हे कुळाचे धन मानले जाई. घर बांधू इच्छिणारा कुणबी आपल्या बांधावरील बाभूळ, आंबा, फणस, आणि जवळच्या रानातील ऐन वा साग यांवर भिस्त ठेवी. लाकूड वर्षदोन वर्षे आधी तोडून मुरवीत ठेवी. आणि मग सुताराला बोलावी. १८६५ व विशेषतः १८७८ च्या वनकायद्यांनी रानातील लाकडावर सरकारी मालकी बसविली. सागवान आता परवान्याने, लिलावाने आणि वखारीतून मिळू लागले. याच सुमारास समुद्रमार्गे ब्रह्मदेशचे सागवान मुंबईत उतरू लागले. त्या व्यापारात प्रसिद्धी पावलेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी १८६३ सालची. लाकूड अशा रीतीने बाजारात आल्यावर ते कोणाला उधार मिळते हा प्रश्न कळीचा झाला. गावच्या सुताराची वखारीत पत नव्हती, कंत्राटदाराची होती. सामानासह काम घेण्याची पद्धत शहरात ज्या वेगाने वाढली तिचे एक मोठे कारण येथे सापडते. सामानासह काम घेणाऱ्याचा खरा नफा बहुधा मजुरीत नसून लाकडात असतो, आणि मालकाची फसगतही बहुधा तेथेच होते.

तिसरा बदल छपराचा. नळीच्या देशी कौलांचे घर दरवर्षी मृगापूर्वी शाकारावे लागे. कौले उतरवावयाची, फुटकी बाजूला काढावयाची, कुजलेले वासे व बांबू बदलावयाचे, पुन्हा रचावयाची. कोकणात तर हे काम म्हणजे वर्षाचा एक सणच. मालक आणि गावातील कारागीर यांचा संबंध या वार्षिक कामाने ताजा राही. गतवर्षी गळलेल्या घराचा जाब यंदा विचारता येई. बाझेल मिशनने मंगळूर येथे १८६५ साली कौलांचा कारखाना काढला आणि ही यंत्रात दाबलेली कौले समुद्रमार्गे कोकण, मुंबई व पुढे देशावर पसरली. त्यांना ठराविक अंतरावर रिपा लागतात. म्हणून छपराचा सांगाडा मापात बसवावा लागतो, पण एकदा बसला की वर्षानुवर्षे फारसे पाहावे लागत नाही. घरमालकाची सोय झाली यात शंका नाही. परंतु दरवर्षी घरी येणारा माणूस दहा वर्षांनी एकदा येऊ लागला, आणि ज्याच्याशी पुन्हा गाठ पडावयाची नाही त्याच्याशी व्यवहार करताना कागद लागतो.

त्या कागदाच्या मागे उभा राहिलेला कायदा कोणता होता, हे पाहणे या विवेचनातील सर्वांत महत्त्वाचे अंग होय. हिंदुस्थानचा कराराचा कायदा १८७२ चा. तो दिवाणी स्वरूपाचा आणि उभय पक्षांना समान लेखणारा. परंतु त्याच्या तेरा वर्षे आधी, १८५९ साली, तेराव्या क्रमांकाचा कायदा झालेला होता. कारागीर, कामकरी व मजूर यांनी कामाबद्दल आगाऊ पैसे घेऊन ते काम करण्यात कसूर केली, तर तो त्या कायद्याने फौजदारीचा विषय केला. कलकत्त्यातील व्यापाऱ्यांच्या संघटनेने केलेली मागणी त्याच्या मुळाशी होती. प्रथम तो कलकत्ता, मद्रास व मुंबई या तीन इलाखा-शहरांसाठी होता. पुढे अन्यत्र लागू करण्यात आला. त्याची रीत अशी : मालकाने मॅजिस्ट्रेटकडे फिर्याद करावी, कसूर सिद्ध झाल्यास, पैसे परत करावे की काम पुरे करावे हे फिर्यादीच्या इच्छेप्रमाणे ठरावे, आणि कारागिराने तो हुकूम न पाळल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरीची कैद द्यावी. आसामातील चहाच्या मळ्यांवर या कायद्याचा जो उपयोग झाला त्यामुळे तो मळेवाल्यांचा कायदा म्हणून ओळखला जातो. परंतु त्याच्या शब्दयोजनेत पहिले स्थान कारागिराचे आहे, हे विसरता कामा नये. इसार घेऊन दुसऱ्या कामावर गेलेला मुंबईचा सुतार हा त्या कायद्याच्या अगदी नेमक्या कक्षेत येत होता.

यातील विषमता स्पष्ट आहे. सुताराने कसूर केल्यास तुरुंग. मालकाने ठरलेली मजुरी बुडविल्यास मात्र या कायद्यात त्याला कोणतीही शिक्षा नव्हती. जुन्या व्यवहारात इसार हा मालकाच्या शब्दाची खूण होता : काम तुलाच देईन, याची ती हमी. नव्या कायद्यात तोच इसार कारागिराच्या पायातील बेडी झाला. इसाराचा शब्द बदलला नाही, रक्कमही बदलली नसेल, पण तिचा कायदेशीर अर्थ उलटा झाला. बरे, आगाऊ पैसे न घेता काम करणे सुताराला परवडणारे नव्हते. हत्यारे, प्रवास आणि घरचा दाणागोटा यांची तरतूद त्यातूनच व्हावयाची. १९२० साली या कायद्याला मर्यादा घालण्यात आल्या, तीनशे रुपयांपर्यंतच्या अग्रिम रकमेपुरताच तो ठेवण्यात आला, आणि १९२५ च्या कायद्याने तो रद्द होऊन १ एप्रिल १९२६ पासून नाहीसा झाला. सदुसष्ट वर्षे म्हणजे कारागिरांच्या अडीच-तीन पिढ्या होत. या अवधीत स्वतःच्या नावावर काम न घेता दुसऱ्या कोणाच्या आश्रयाने ते करण्याकडे सुताराचा कल झाला असल्यास, त्याचा दोष केवळ त्याच्या निरक्षरतेला देणे न्याय्य नव्हे.

तो आश्रय मेस्त्रीचा. मेस्त्री हा जातीने बहुधा सुतारच, गावचा ओळखीचा किंवा नात्याचा. तो मालकाकडून उचल घेई, माणसांना थोडी थोडी देई आणि सारे काम स्वतःच्या जबाबदारीवर चालवी. मालकाला एकच माणूस जाब विचारण्यास मिळे आणि सुताराला एकच माणूस पैसे मागण्यास. ही मध्यस्थी शोषणाची होती असे सामान्यतः लिहिले जाते, आणि रोजातील दोन आणे मेस्त्रीच्या खिशात राहत हेही खरे मानावे लागते. तथापि जोखीम कोणाकडे होती हे पाहिले म्हणजे निर्णय इतका सोपा राहत नाही. काम अंगावर आले, मालकाने हिशेब अडविला, तर माणसांचे रोज चुकविण्यासाठी बायकोचे दागिने मोडणारा मेस्त्री हाही त्याच इतिहासाचा भाग आहे. येथे साधनांची एक उणीव नमूद करावयास हवी : आपल्याला उपलब्ध होतात त्या हिशेबाच्या वह्या मालकांच्या. सुताराचा हिशेब भिंतीवरील कोळशाच्या रेघांत आणि स्मरणात राहिला. घर रंगविले की तो पुसला गेला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून नगरपालिकांचे नियम या व्यवहारात तिसरा पक्ष म्हणून आले. मुंबईच्या १८८८ च्या महापालिका कायद्याने नव्या बांधकामाबरोबरच जुन्या इमारतीतील फेरफार व वाढ यांचीही सूचना आगाऊ देणे आवश्यक केले. त्यासाठी नकाशा हवा आणि नकाशासाठी नकाशे काढणारा हवा. सुताराच्या डोक्यातील घर कागदावर आणण्याचा मोबदला दुसऱ्याच मनुष्याला मिळू लागला. कृष्णाजी विनायक वझे यांनी १९२४ साली 'प्राचीन हिंदी शिल्पशास्त्रसार' प्रसिद्ध करून जुन्या शिल्पग्रंथांतील ज्ञान सुशिक्षितांपुढे मांडले. पुढील दशकात र. श्री. देशपांडे या अभियंत्याने मध्यमवर्गीय मालकाला समजेल अशा रीतीने घरबांधणीवर पुस्तके लिहिली. दोघांचेही प्रयत्न स्तुत्य होते. परंतु दोघांचाही वाचक मालक किंवा अभियंता हा होता, सुतार नव्हे.

जुन्या वाड्यांची नंतरची कथा दुरुस्तीची आहे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. दुरुस्तीचे कर्तव्य मालकावरच होते. ते त्याने न पाळल्यास भाडेकरूने नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, अशी तरतूद होती, पण वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशापलीकडे नाही. काही रुपये भाड्याच्या खोलीत एक-चतुर्थांशात तुळई तर राहोच, एक खिडकीही बसत नसे. परिणामी काम मागणारा भाडेकरू, घर मालकाचे, आणि पैसा कोणाचाच नाही, अशा कोंडीत सुतार सापडला. तो टेकू देई, पत्रा ठोके आणि फळ्यांची आडभिंत घालून एका खणाचे दोन करी. पुण्यात १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटून आलेल्या पुराने नदीकाठच्या पेठांतील अनेक वाडे कोसळले. जे उभे राहिले त्यांच्या भिंती भिजून खचल्या. मुंबईत जीर्ण चाळींसाठी १९६९ साली कायदा होऊन दुरुस्ती मंडळ स्थापन झाले आणि मालक-सुतार संबंधाच्या जागी उपकर, निविदा व सरकारी कंत्राटदार आले. खणात विचार करणारी सुताराची शेवटची पिढी या काळातील होय. तिचे कौशल्य वाडे उभारण्यात नव्हे, वाडे पडू न देण्यात खर्ची पडले.

सदनिकांच्या युगात घराचा सांगाडा लाकडाचा राहिला नाही, आणि सुतारकाम म्हणजे कपाटे, ओटे, दारे व प्लायवूडवर चिकटविलेले तक्ते असा अर्थ झाला. शहरांत हे काम करणारे कारागीर पुष्कळदा राजस्थान, उत्तर प्रदेश वा बिहारमधून आलेले असतात आणि काम चालू असेतो त्याच घरात मुक्काम करतात. दर चौरस फुटावर ठरतो; 'लेबर रेट' की 'मटेरियलसह' हा पहिला प्रश्न असतो; आणि आगाऊ रक्कम, मधले हप्ते, शेवटची अडवून ठेवलेली बाकी, हा क्रम पेशवाईतील इसार, खर्च व हिशेब यांहून फारसा निराळा नाही. फरक पडला तो मालकाच्या बाजूने. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात १९९३ साली घरबांधणी ही 'सेवा' म्हणून समाविष्ट झाली, आणि त्याच वर्षी लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही तसाच निर्णय दिला. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने विकसकाला नोंदणी सक्तीची केली. विक्री वा नवे वाटप ज्यात नाही अशी दुरुस्ती व नूतनीकरणाची कामे मात्र त्या नोंदणीतून वगळली. म्हणजे घर विकत घेणाऱ्याला विकसकाविरुद्ध जे विशेष संरक्षण मिळाले ते त्याच घरात कपाटे बसवून घेताना त्याला मिळत नाही. तेथे ग्राहक आयोग किंवा दिवाणी न्यायालय.

कारागिराच्या बाजूचा कायदा आला तो १९९६ साली, इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठी. त्यात दहा किंवा अधिक कामगारांची अट होती, आणि स्वतःच्या राहत्या घराचे दहा लाख रुपयांपर्यंतचे काम करून घेणारा मालक त्याच्या कक्षेबाहेर ठेवला होता. तीन-चार माणसे घेऊन एका सदनिकेत महिनाभर काम करणारा मेस्त्री व त्याची माणसे या दोन्ही अटींनी बाहेर राहिली. त्यांचा मालकाशी असलेला करार आजही बहुतेक वेळा तोंडीच असतो, आणि मोजमाप कपाटाच्या आतल्या बाजूने घ्यावयाचे की बाहेरच्या, यावरून शेवटच्या दिवशी वाद होतो.